आजोबांच्या डबीतला लाल स्फटिक: माणिक, हिंगूळ की चांदीचे खनिज?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले आजोबा १९३०च्या दशकात जर्मनीतील फ्रायबेर्ग येथे खाणकामाचे शिक्षण घेऊन आले आणि पुढे भंडारा-बालाघाट पट्ट्यातील मँगनीजच्या खाणींवर नोकरीला होते. त्यांच्या ट्रंकेत पत्र्याची एक डबी निघाली. तिच्यात कापसात गुंडाळलेला साडेचार सेंटिमीटर लांबीचा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ९२ ग्रॅम भरणारा खडकाचा तुकडा होता, त्यावर गडद लाल रंगाचे चकचकीत स्फटिक होते, त्यांतला सर्वांत मोठा ९ मिलिमीटरचा, आणि सोबत जर्मन हस्ताक्षरातली पिवळी पडलेली चिठ्ठी होती. सराफाने ते ‘हलक्या प्रतीचे माणिक’ ठरवले, नात्यातल्या वैद्यांनी हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे लाल खनिज, म्हटले, आणि एका परिचिताने याचे पन्नास लाख येतील असे सांगून आपली झोप उडवली. दिवाळीपासून तो तुकडा बैठकीतल्या शोकेसमध्ये दिव्याखाली आहे, अलीकडे तो मळकट दिसू लागला आहे, आणि तो कशाने स्वच्छ करावा हेही आपण विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तेवढेच तातडीचे आहे. तो तुकडा आजच्या आज शोकेसमधून काढून पुन्हा त्याच डबीत ठेवा आणि कशानेही स्वच्छ करू नका. पाणी, साबण, चिंच, रांगोळी, दात घासायची पेस्ट, चांदी उजळण्याचे द्रावण, यांपैकी काहीही त्याला लावू नका. आपल्याला जो मळकटपणा दिसतो तो धुळीचा असण्याची शक्यता कमी आहे. माझ्या अंदाजाप्रमाणे हे खनिज प्रकाशात काळवंडणारे आहे. त्याच्यावर उजेड पडत राहिला की पृष्ठभागाचे मूळ रासायनिक बंध तुटू लागतात, एक अतिशय पातळ करडी-काळी साय वर धरते, आणि नंतर अंधारात ठेवले तरी ती साय आपोआप जात नाही. आजोबांनी हा तुकडा आयुष्यभर बंद डबीत ठेवला तो अडगळ म्हणून ठेवला असे मला वाटत नाही. फ्रायबेर्गला शिकलेल्या माणसाला या खनिजाची ही खोड नक्कीच ठाऊक असणार.

आता ओळखीकडे वळतो. छायाचित्रावरून खनिज ओळखणे धोक्याचे असते आणि मी एरवी ते टाळतो, परंतु येथे चिठ्ठी आहे आणि ती बरेच काही सांगते. पहिल्या ओळीत ‘लिख्टेस रोथग्युल्टिगएर्ट्स’ असे लिहिले आहे. जर्मन खाणकामगार लालसर चांदी-धातुकाला रोटग्युल्टिगएर्ट्स म्हणत आणि त्याचे दोन प्रकार मानत, एक ‘उजळ’ आणि एक ‘गडद’. लिख्टेस म्हणजे उजळ. दुसऱ्या ओळीतले ‘हिमेल्सफ्यूर्स्ट’ हे फ्रायबेर्गजवळच्या ब्रांड गावच्या प्रसिद्ध चांदीच्या खाणीचे नाव असून त्याचा अर्थ स्वर्गाधिपती असा होतो. याच खाणीत १८८५ मध्ये आर्जिरोडाइट हे नवे खनिज सापडले आणि त्याचे पृथक्करण करताना रसायनशास्त्रज्ञ क्लेमेन्स विंकलर यांना १८८६ मध्ये जर्मेनियम हे मूलद्रव्य मिळाले. त्यामुळे खनिजांच्या संग्राहकांत या खाणीच्या नावाला आजही वजन आहे.

चिठ्ठीतली आणखी एक खूण बारकाईने पाहण्यासारखी आहे. लाल या अर्थाचा जो जर्मन शब्द आहे त्यात ‘टी’नंतर ‘एच’ हे अक्षर लिहिलेले आपल्या तिसऱ्या छायाचित्रात स्पष्ट दिसते. १९०१ मध्ये जर्मन शुद्धलेखनाचे नियम बदलले आणि अशा शब्दांतला हा ‘एच’ गेला. जुन्या वळणाची माणसे पुढेही काही वर्षे तसेच लिहीत राहिली हे खरे, तरीही ही चिठ्ठी आपले आजोबा तेथे पोहोचण्याच्या बऱ्याच आधीची असावी. फ्रायबेर्ग परिसरात चांदीचा शोध ११६८च्या सुमारास लागला आणि तेथले चांदीचे खाणकाम १९१३ मध्ये थांबले. शिसे आणि जस्त यांच्यासाठी काही खाणी १९३०च्या दशकात पुन्हा उघडल्या, पण असा नमुना विद्यार्थ्याच्या हाती थेट खाणीतून येण्यापेक्षा एखाद्या जुन्या संग्रहातून येणेच अधिक संभवनीय होते. म्हणजे आजोबांनी तो विकत घेतला असेल किंवा कोणी शिक्षकाने त्यांना भेट दिला असेल. त्यांची त्या काळातली पत्रे किंवा वह्या घरात असतील तर त्या जरूर चाळा. त्याचे कारण पुढे किमतीच्या संदर्भात येईल.

उजळ प्रकार म्हणजे आजच्या परिभाषेत प्रुस्टाइट, चांदी, आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग. गडद प्रकार म्हणजे पायरार्जिराइट, ज्यात आर्सेनिकच्या जागी अँटिमनी असते. ही दोन खनिजे वेगळी आहेत हे जोसेफ लुई प्रूस्त या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८०४ मध्ये पृथक्करण करून दाखवले, आणि १८३२ मध्ये फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ बुदां यांनी प्रूस्तचेच नाव पहिल्या खनिजाला दिले. प्रुस्टाइटमध्ये वजनाने सुमारे ६५ टक्के आणि पायरार्जिराइटमध्ये सुमारे ६० टक्के चांदी असते. दोघांची स्फटिकरचना सारखी, दोघेही षट्कोनी खांबासारखे वाढतात आणि टोकाला कॅल्साइटसारखे निमुळते होतात. फरक मुख्यतः रंगाचा आणि पारदर्शकतेचा आहे. प्रुस्टाइट शेंदरी-लाल असून त्याची चमक हिऱ्यासारखी असते आणि त्याच्या आरपार उजेड जातो. पायरार्जिराइट वरून पाहिल्यास जवळजवळ काळसर-करडे दिसते आणि फक्त पातळ कडेला डाळिंबी झाक देते. चिठ्ठी लिहिणाऱ्याने ‘उजळ’ म्हटले आहे, पण आपल्या छायाचित्रांत दोन-तीन स्फटिक गडद दिसतात. ते प्रकाशाने काळवंडलेले प्रुस्टाइट असेल किंवा मुळातच पायरार्जिराइट असेल. एकाच दगडावर दोन्ही असल्याचीही उदाहरणे आहेत.

घरच्या घरी यातले काय तपासता येईल ते सांगतो, आणि ते नमुन्याला ओरखडाही न काढता. डबीतला कापूस मोठ्या पांढऱ्या कागदावर हलकेच उलगडा. इतक्या वर्षांत लाल स्फटिकांचे साखरेच्या दाण्याएवढे एखाद-दुसरे कण गळून कापसात अडकले असण्याची दाट शक्यता आहे, आणि सारी परीक्षा त्या कणांवरच करायची. चहाच्या चिनीमातीच्या कपाच्या तळाशी बिनझिलईची खरखरीत कड असते. तिच्यावर एक कण चिमट्याने दाबून ओढला की खनिजाचा कस, म्हणजे त्याच्या चूर्णाचा रंग, दिसतो. प्रुस्टाइटची रेघ ओल्या कुंकवासारखी तेजस्वी लाल उमटते. पायरार्जिराइटची रेघ गडद, जांभळट झाक असलेली लाल येते. माणिकाची रेघ उमटतच नाही, उलट त्या कडेवरच चरा पडतो, कारण एक ते दहाच्या मोपट्टीवर माणिकाची कठिनता ९ आणि प्रुस्टाइटची जेमतेम २ ते २.५, म्हणजे नखाच्या आसपास. तोच कण सुईच्या टोकाखाली दाबला आणि त्याचा भुगा झाला, तर सराफांनी सांगितलेले माणिक तेथेच निकालात निघते. गार्नेट आणि लाल स्पिनेल हीसुद्धा कठीण रत्ने असल्याने त्यांचाही प्रश्न उरत नाही.

सराफांचा येथे दोष नाही. त्यांचा कस सोन्याचा आणि कसोटीचा दगडही सोन्यासाठीचा. मात्र एक गोष्ट आग्रहाने सांगतो: हा नमुना तपासणीसाठी म्हणून कोणाच्याही हाती सोपवून आपण बाहेर बसू नका. कोणी फुंकणीने ज्योत मारली तर हे खनिज मेणबत्तीच्या आचेवरही वितळू लागते, लसणासारखा वास सुटतो, आणि तो वास आर्सेनिकच्या विषारी धुराचा असतो. नमुना जातो आणि माणसाच्या जिवालाही धोका होतो. कणांवर परीक्षा करतानाही चूर्ण उडू देऊ नका, कागद घडी करून बंद पिशवीत टाका, हात साबणाने धुवा आणि तो कप पुन्हा चहाला वापरू नका.

हिंगुळाचे अनुमान मात्र अगदीच चुकीचे म्हणता येणार नाही, कारण हिंगुळाचाही कस तसाच कुंकवासारखा लाल आणि कठिनताही तेवढीच. किंबहुना हिंगूळही उजेडात काळवंडतो. येथे कसावर भिस्त ठेवून चालत नाही. हिंगुळाचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत जडपणा, ८ च्या वर आणि प्रुस्टाइटचे सुमारे ५.६ असते, पण आपला नमुना खडकासह असल्यामुळे पाण्यात तोलून काही हाती लागणार नाही. गारगोटीचे २.६५ आणि वरच्या खनिजाचे ५.६ मिसळून जो आकडा येईल तो कशाचाच नसेल, आणि त्या खटाटोपात नमुना मात्र भिजेल. त्यापेक्षा दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून एखाद्या तुटलेल्या जागेकडे पाहा. हिंगूळ सपाट, आरशासारख्या पायऱ्या पाडून फुटतो, कारण त्याचे पाटन, म्हणजे ठरावीक सपाट पातळ्यांवर फुटण्याचा गुण, उत्तम असते. प्रुस्टाइट बहुधा खडबडीत किंवा शिंपल्याच्या वळणाने फुटते. दुसरा पुरावा शेजाऱ्यांचा. आपल्या चौथ्या छायाचित्रात लाल स्फटिकांच्या बुडाशी करड्या रंगाचे घनाकार चकचकीत कण दिसतात, ते गॅलेना, म्हणजे शिशाचे धातुक, असावे, आणि त्यामागे गारगोटीचे बारीक पांढरे दात आहेत. फ्रायबेर्गच्या चांदीच्या शिरांची ठेवण अशीच असते. हिंगूळ या सोबतीत क्वचितच बसतो. चीनमधल्या ग्वेइचौ आणि हूनान प्रांतांतील हिंगुळाचे प्रसिद्ध स्फटिक पाहिले तर ते बहुधा पांढऱ्या डोलोमाइटवर आणि एकमेकांत घुसलेल्या जुळ्यांच्या रूपात असतात. आपल्या नमुन्यात तसे जुळे मला एकही दिसले नाही.

लाल रंगाची बाकीची खनिजे चटकन बाजूला सारता येतात. मनशीळ हे आर्सेनिकचे खनिज नारिंगी कस देते आणि उजेडात काळी न पडता पिवळी भुकटी होऊन झडते. टास्मानियाच्या डंडास भागातला क्रोकोआइट नारिंगी काड्यांसारखा असतो आणि त्याचा कस पिवळट-नारिंगी असतो. मोरोक्कोतल्या मिब्लादेनचे व्हॅनेडिनाइट षट्कोनी चकत्यांसारखे असते. क्युप्राइटचा कस तपकिरी-लाल येतो आणि त्याचे स्फटिक घन किंवा अष्टफलक असतात.

शेवटची शंका एक्स-किरण प्रतिदीप्तीच्या यंत्राने दूर होईल, कारण ते प्रत्येक मूलद्रव्य त्याच्या ठरावीक किरण-रेषांवरून ओळखते, आणि त्यासाठी नमुन्याचा कणही काढावा लागत नाही. नागपुरात राहत असल्याने आपल्याला हे अवघड नाही. भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य क्षेत्राचे कार्यालय तेथेच आहे, विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग आहे, आणि मुंबईच्या आयआयटीतील विश्लेषण उपकरण केंद्र बाहेरच्या लोकांचे नमुनेही शुल्क घेऊन तपासते. चाचणी करणाऱ्याला एक सूचना जरूर द्या. आर्सेनिकची मुख्य रेषा आणि शिशाची एक प्रमुख रेषा या यंत्रात जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. नमुन्यावर गॅलेना असल्यामुळे शिशाची रेषा आर्सेनिक म्हणून वाचली जाण्याचा, किंवा याच्या उलट होण्याचा, संभव आहे. म्हणून दोघांच्या दुय्यम रेषा पाहून निष्कर्ष काढावा. रामन पद्धतीने, म्हणजे लेसरचा विखुरलेला प्रकाश पाहून, तपासायचे ठरले तर लेसरची शक्ती अगदी कमी ठेवायला सांगा, नाहीतर जेथे किरण पडेल तेथे काळा ठिपका उमटेल.

किमतीचा विचार करताना चांदीचा भाव डोक्यातून काढून टाका. ९२ ग्रॅमांपैकी लाल खनिज पंधरा ग्रॅम धरले तरी त्यातली चांदी दहा ग्रॅमांच्या आत भरते, म्हणजे जोडव्यांच्या एका जोडाएवढी. हे रत्नही नव्हे, कारण इतके मऊ आणि उजेडाला भिणारे खनिज अंगठीत घालता येत नाही. त्याची किंमत संग्राहक देतो, आणि तो स्फटिकाची ठेवण, चमक, इजा आणि जन्मस्थान या गोष्टींना पैसे मोजतो. प्रुस्टाइटचे जगातले सर्वोत्तम स्फटिक चिलीतल्या चान्यार्सियो येथून एकोणिसाव्या शतकात निघाले. ती चांदीची ठेव हुआन गोदोय याने १८३२ मध्ये शोधली, आणि तिथले निवडक नमुने लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयासारख्या ठिकाणी जपून ठेवलेले आहेत. पन्नास लाखांची भाषा त्या तोडीच्या नमुन्यांना शोभते. आपला नमुना त्या पंक्तीतला नाही, पण सॅक्सनीच्या जुन्या खाणींतला नऊ मिलिमीटरचा स्फटिक हीसुद्धा सहज मिळणारी वस्तू नाही.

त्या नऊ मिलिमीटरच्या स्फटिकाकडे जरा निरखून पाहू. पाचव्या छायाचित्रात त्याचे टोक पूर्ण दिसते, सहा बाजूंपैकी चार आपल्याकडे आहेत आणि त्यांवर लांबीला समांतर बारीक रेघा आहेत, त्या नैसर्गिक वाढीच्या आहेत. उजव्या बाजूला टोकापासून दोन मिलिमीटरवर एक ठिपका आहे, जेथे चमक एकदम बदलते. तो टवका असेल तर किंमत बरीच उतरेल, आणि तेथे पूर्वी दुसरा स्फटिक टेकून वाढलेला असेल तर फारशी उतरणार नाही. टवक्याची जागा ताजी, तीक्ष्ण कडांची असते. टेकल्याच्या जागी पृष्ठभाग खोलगट असला तरी त्यावर वाढीच्या बारीक पायऱ्या असतात. जळगाव, नाशिक, पुणे या भागांत झिओलाइट या तिथल्या खडकांतल्या स्फटिकांचे काम करणारी मंडळी टवका ओळखण्यात फार तरबेज आहेत. चांदीच्या खनिजांचा त्यांचा अनुभव मर्यादित असला तरी या एका मुद्द्यावर त्यांचे मत मी डोळे झाकून घेईन. स्फटिक खडकावर डिंकाने बसवलेला नाही ना, हेही ते भिंगाखाली बुडाची सांध पाहून सांगतील.

चमकेबद्दल मी जे सांगतो ते अनुभवाचे आहे. तरुणपणी एका महाविद्यालयात अध्यापन करत असताना तेथल्या संग्रहालयाची मांडणी माझ्याकडे आली होती. कपाटात कागदात गुंडाळून ठेवलेला चान्यार्सियोचा एक प्रुस्टाइट मी विद्यार्थ्यांना दिसावा म्हणून काचेच्या पेटीत हॅलोजन दिव्याखाली ठेवला. तिसऱ्या वर्षी त्याचा लाल रंग शिशासारखा करडा झाला होता. आधीच्या लोकांनी तो कागदात का गुंडाळला होता हे मी कोणाला विचारले नव्हते, आणि ती चूक मला आजही सलते. अशी साय काढून देणारे कारागीर परदेशात आहेत, परंतु साय काढताना खालचा नैसर्गिक पृष्ठभागही थोडा जातो आणि जाणकार ग्राहक ते ओळखतो. आपल्या नमुन्यावर उजेड काही महिनेच पडला आहे. मागच्या बाजूचे स्फटिक, जे शोकेसमध्ये भिंतीकडे होते, ते आपल्या सहाव्या छायाचित्रात अजून जिवंत लाल दिसतात, आणि मूल्य ठरवताना तेच मोलाचे ठरतील.

चिठ्ठी वेगळी करू नका, तिला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. नमुन्याच्या तळाशी पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि त्यावर शाईने लिहिलेला आकडा आहे का ते पाहा. जुने संग्राहक असा क्रमांक टाकत, आणि तोच क्रमांक चिठ्ठीच्या कोपऱ्यात असेल तर ही चिठ्ठी याच दगडाची हे सिद्ध होते. तसे नसेल तर चिठ्ठीचे मोल कमी होते, कारण चांगली चिठ्ठी साध्या दगडाला जोडण्याचे प्रकार या व्यवसायात होतात. फ्रायबेर्गची खाण अकादमी १७६५ पासून आहे आणि तिचा खनिजसंग्रह आजही सांभाळला जातो. चिठ्ठीचे छायाचित्र तेथल्या संग्रहपालांना पाठवून हस्ताक्षर किंवा जुना संग्रह ओळखता येतो का, असे विचारावे. आजोबांच्या वहीत या नमुन्याचा उल्लेख सापडला तर नमुन्याचा प्रवास सलग जोडला जाईल, आणि संग्राहक त्यासाठी वेगळे पैसे मोजतात.

आकडा सांगायचा तर माझे मत असे आहे: ओळख प्रुस्टाइट अशी पक्की झाली, मोठ्या स्फटिकाचे टोक अभंग निघाले आणि क्रमांक जुळला, तर हा नमुना काही हजार युरोंच्या घरात जावा. टोक तुटलेले असेल आणि पुढची बाजू खरोखर काळवंडली असेल तर काही शे युरोंवर समाधान मानावे लागेल. पायरार्जिराइट निघाले तरी निराश होऊ नका, कारण फ्रायबेर्गचे चांगले पायरार्जिराइटही मागणीचे आहे आणि उजेडाला थोडे अधिक सोसते. इंटरनेटवर विक्रेत्यांनी लावलेले आकडे पाहून भाव ठरवू नका, ते मागितलेले पैसे असतात. लिलावांत प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या, सॅक्सनीच्याच आणि पाच सेंटिमीटरच्या आतल्या, म्हणजे ज्याला व्यापारी मिनिएचर म्हणतात त्या आकाराच्या नमुन्यांच्या किमती जमवा. विकायचेच ठरले तर योग्य बाजार म्युनिकच्या शरद ऋतूतल्या प्रदर्शनाचा, किंवा फ्रान्समधल्या सेंत-मारी-ओ-मीन येथे जूनमध्ये भरणाऱ्या प्रदर्शनाचा आहे. हे दुसरे गाव स्वतःच चांदीच्या जुन्या खाणींचे असून तेथेही प्रुस्टाइट सापडले आहे, त्यामुळे तेथले ग्राहक या खनिजाचे मर्मज्ञ आहेत. भारतात आज याला न्याय देणारे ग्राहक मोजकेच भेटतील, आणि पहिल्याच भेटीत रोख रक्कम देऊ करणाऱ्या कोणालाही तूर्त नकार द्यावा.

सध्या एवढे करा. जुना कापूस कणांसह एका लहान बंद पिशवीत वेगळा ठेवा, कारण तोही पुरावा आहे. नमुना आम्लरहित मऊ कागदात, स्फटिकांना स्पर्श होणार नाही असा बसवून त्याच पत्र्याच्या डबीत ठेवा, चिठ्ठी शेजारी वेगळ्या पाकिटात ठेवा, आणि डबी मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कोरड्या कपाटात ठेवा. तळाच्या क्रमांकाचे, मोठ्या स्फटिकाच्या उजव्या बाजूचे, आणि मंद उजेडाच्या खोलीत लहान बॅटरी स्फटिकामागे चार-पाच सेकंद धरून काढलेले, अशी तीन नवी छायाचित्रे पाठवा. आरपार येणारा उजेड कुंकवासारखा लाल दिसतो की काळसर डाळिंबी, हे पाहिल्यावर उजळ आणि गडद यांच्यातला निर्णय मला बऱ्याच खात्रीने देता येईल.